दुपारचा दृष्टान्त

जयमालाबाईंना स्वप्नं पडायची ती दुपारी. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं सगळं जग मानतं, पण त्यांच्या घरात पहाटे झोपायची सोय कुठे होती? अंधारातच पाण्याचा टँकर यायचा, मग दूध, मग पहिल्या शिफ्टच्या बसगाड्या दारावरून धुरळा उडवत जायच्या, आणि तेवढ्यात दिराकडे कामं घेऊन आलेल्या माणसांचा पहिला चहा चुलीवर चढलेला असायचा. देवानेच त्यांची अडचण ओळखून दुपारची वेळ धरली असावी. जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, की त्या मागच्या खोलीत चटई टाकून आडव्या व्हायच्या. शेजारच्या कंपनीतल्या प्रेसचा धप्प, धप्प असा आवाज जमिनीतून पाठीला लागायचा आणि त्या आवाजाच्या पायऱ्या उतरत उतरत त्या खाली खाली जायच्या.

खाली योगिनी असायची.

योगिनी ही त्यांची मुलगी, एकुलती एक. एकोणिसाव्या वर्षी कॉलेजला निघाली होती, स्कूटरवर, आणि चौकात एका ट्रेलरने न बघता वळण घेतलं. झालं. जयमालाबाईंचे यजमान त्या धक्क्यातून उठलेच नाहीत, पुढच्या वर्षी तेही गेले. बाई मात्र राहिल्या, आणि राहिल्या त्या या दुपारच्या आधाराने. गेलेलं माणूस आहे त्याच वयाचं राहतं म्हणतात. योगिनीचं तसं नव्हतं. ती स्वप्नात वाढत होती. आधी बी.कॉम. झाली. मग अंगाने जरा भरली. एकदा केस रंगवून आली आणि आईची बोलणी खाऊन गेली. आता तर तिच्या डोळ्यांच्या कडेला बारीक रेघही दिसायला लागली होती. भेटायची ती नेहमी देवाच्या रानात, करंजाच्या मोठ्या मुळीवर पाय हलवत बसलेली. बोलणं फार नसायचं. "जेवलीस का?" ही विचारायची. "तू जेवलीस?" ती विचारायची. मग दुसऱ्या शिफ्टचा भोंगा व्हायचा आणि बाई डोळे पुसत वर यायच्या. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. इतर स्वप्नं सांगायच्या, हे नाही.

वाडीचं नाव मी सांगत नाही. महाळुंग्याच्या पलीकडे, दोन कंपन्यांच्या कंपाउंडांच्या मधे सापडलेली आहे एवढं पुरे. नाव घेतलं तर मानहानीच्या नोटिसा येतील, आणि त्या पाठवणारेच आपल्याला लग्नाच्या पत्रिकाही पाठवत असतात. उगीच जेवणं बुडायची.

तर या वाडीत जयमालाबाईंच्या स्वप्नाला वजन आलं ते भैरोबाच्या मुखवट्यापासून. एका वर्षी जत्रेच्या तोंडावर देवाचा चांदीचा मुखवटा देवळातून नाहीसा झाला. सगळी वाडी हवालदिल. बाईंनी दुपारी स्वप्नात पाहिलं की मुखवटा जुन्या विहिरीच्या गाळात पडलाय, आणि पाण्याला आलेल्या बायकांना सहज सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी तरणी पोरं विहिरीत उतरली आणि मुखवटा खरंच गाळात सापडला. फक्त तो स्वच्छ, कोरड्या फडक्यात गुंडाळलेला होता. पिंपरीच्या एका सराफाकडून तो रातोरात परत आला असावा आणि ज्याने नेला त्याने बाई म्हणाल्या तिथेच नेऊन ठेवला असावा, हे कुणाच्याच मनात आलं नाही, किंवा आलं तरी कुणी ते तोंडावर आणलं नाही. गुलाल उधळला गेला. तेव्हापासून बाईंना काही दिसलं की त्याला स्वप्न म्हणायची सोय राहिली नाही. तो दृष्टान्त झाला.

या दृष्टान्ताची खरी किंमत ओळखली ती धाकट्या दिराने, अर्जुनरावांनी. माणूस वाईट नव्हता हे आधी सांगितलं पाहिजे. वहिनीला आईच्या जागी मानायचा, आजारपणात रात्ररात्र उशाशी बसलेला. भंगाराच्या ठेक्यापासून सुरुवात केली, मग कंपन्यांना कामगार पुरवू लागला, मग सरपंच झाला, आणि आता चौकाचौकातल्या फ्लेक्सवर गॉगल लावून ‘भावी आमदार’ म्हणून हात जोडून उभा होता. त्याला अनुभवाने एक गोष्ट कळली होती. ग्रामपंचायतीच्या ठरावाला विरोध करता येतो, निविदेवर स्थगिती आणता येते, माहितीच्या अधिकारात कागद मागता येतात. स्वप्नाची नक्कल कुठल्या खिडकीवर मागणार?

बाई खोटं बोलत नसत. ओढ्याकाठी पांढरा बैल दिसला, तर पांढरा बैल दिसला एवढंच सांगत. अर्थ अर्जुनराव काढायचे. पांढरा बैल म्हणजे यंदा शर्यतीच्या घाटात पहिली बारी आपल्या बैलांची. स्वप्नात पाणी दिसलं, तर टँकरचं काम आपल्याकडे यावं ही देवाची इच्छा. स्वप्नात नुसतंच ऊन दिसलं, त्या महिन्यात वाडीत सौरदिवे आले. खांब आले, दिवे लागले नाहीत. बाईंना हे कळत होतं, पण त्या मूग गिळून बसायच्या. दिराच्या घरात राहायचं, त्याच्या लेकरांच्या हातचं पाणी प्यायचं, आणि वर त्याचा शब्द खोडायचा, हे त्यांना जमलं नाही.

आता घोडं अडलं होतं ते देवाच्या रानापाशी. दोन्ही कंपाउंडांच्या मधला तेवढाच हिरवा तुकडा उरला होता. करंज, उंबर, जांभळी, आत ओढा, ओढ्याकाठी साती आसरांचे शेंदूर लावलेले सात दगड. रानातली वाळकी काडीसुद्धा देवाच्या परवानगीशिवाय कुणी उचलत नसे. वाडीतले म्हातारे सांगत, इंग्रजांच्या काळात कुणी एक साहेब घोड्यावरून आला होता, त्याला रेल्वेसाठी लाकूड हवं होतं. गावाने सांगितलं, देव नाही म्हणतो. साहेबाने टोपी काढली, घाम पुसला, आणि आला तसा निघून गेला. परक्या साहेबाला देव नाही म्हणू शकला. आपल्याच माणसाला नाही म्हणायचं तर देवालाही भीड पडते.

रानाच्या जागी गोदाम व्हायचं होतं, फार मोठं, ट्रक आत शिरून वळून बाहेर येतील इतकं. सरकारची परवानगी आधीच हातात होती. तिचं एवढं काही नसतं, योग्य दारात वाकावं लागतं. राहिली होती ती देवाची. अर्जुनरावांचा मुलगा शेखर पुण्याहून एमबीए होऊन आला होता, त्याने या अडचणीला छान नाव दिलं होतं: "डॅडी, देवाची एनओसी पेंडिंग आहे."

आणि इथे बबनराव मधे आले. बबनराव म्हणजे वाडीतले दुसरे भावी आमदार. त्यांचेही फ्लेक्स होते, त्यांचाही गॉगल होता, आणि त्यांना तेच रान ट्रक टर्मिनलसाठी पाहिजे होतं. त्यांच्या घरात स्वप्न बघणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या म्हाताऱ्या चुलतीला, सोजरबाईंना कामाला लावलं. सोजरबाई एके दिवशी देवळाच्या पायरीवर बसून म्हणाल्या, "भैरोबा सपनात आला व्हता. म्हनला, माझ्या रानात गाड्या हुभ्या करा, मला गाड्यांचा लई नाद हाय." वाडी चक्रावली. देवाला करंज आवडतो हे ठाऊक होतं, डिझेल आवडतं हे नवीन होतं. आठवडाभर दोन्ही बाजूंचे दृष्टान्त एकमेकांवर आदळत राहिले. इकडे बाईंना दिसलेल्या पांढऱ्या घोड्यावर अर्जुनरावांनी देव बसवला, तर तिकडून देव चौदा चाकी ट्रकवर आला. शेवटी एका हुरडा पार्टीत अर्जुनराव आणि बबनराव शेजारी शेजारी बसले, आणि गरम कणसं चोळता चोळता दोघांच्या लक्षात आलं की एवढ्या मोठ्या देवाला दोन भागीदार सहज पुरतात. गोदामही होईल, पुढे टर्मिनलही होईल. फक्त दृष्टान्त एकच पाहिजे, आणि तो दोघींनाही पडायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी अर्जुनराव स्वयंपाकघरात आले. असे ते क्वचित यायचे.

"वैनी, जरा बसू का?"

"बसा की भावजी. च्या टाकू?"

"नगं. हे बघा." त्यांनी ओट्यावर एक मोठा रंगीत कागद पसरला. दगडी मंदिर, शिखरावर सोन्याचा कळस, आजूबाजूला कधीही न दिसलेली हिरवळ, आणि शेजारी काचेचा एक लांबरुंद हॉल. "मंदिर नवं बांधायचं, गोदामवाल्यांच्या खर्चानं. आन् हा हॉल. ह्याला नाव काय द्यायचं, ठाव हाय?"

"योगिनीचं," अर्जुनराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच भरून आला. "आमच्या बी अंगाखांद्यावर खेळली ती पोर. तिच्या नावाचं ह्या दुनियेत काय उरलंय सांगा, वैनी. रेशन कार्डावरनं नाव गेलं. कॉलेजात कुणाला आठवत न्हाई. एक फोटो हाय, त्यालाबी प्लास्टिकचा हार. इथं दगडात कोरून ठिऊ. लोकं लग्नं लावतील, बारशी करतील, तिचं नाव घेतील."

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, कारण त्यातला शब्द न् शब्द खरा होता. त्यांच्या माघारी योगिनीचं नाव घेणारं कुणी नव्हतं.

"पर मला तसं सपान पडलं न्हाई, भावजी."

"पडंल की," अर्जुनराव मायेने म्हणाले. "आज दुपारी पडू द्या."

त्या दुपारी बाई चटईवर पडल्या तेव्हा मनातल्या मनात भैरोबाची विनवणी करत होत्या. बाबा, तू ये, तूच सांग, म्हणजे माझ्या तोंडून खोटं जायचं नाही. प्रेसचा आवाज पाठीला लागला, त्या खाली उतरल्या. देव नव्हता. योगिनी होती. ओढ्यात पाय सोडून बसली होती, पाण्याला करंजाच्या फुलांचा वास होता, आणि झाडांमधून येणारं ऊन तिच्या मांडीवर हलत होतं. कंपन्या कुठेच दिसत नव्हत्या. बाई शेजारी टेकल्या.

"तुझ्या नावाचा हॉल बांधायचा म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "हितं."

"हितं?" योगिनी हसली. मग तिने मान वर करून झाडांकडे पाहिलं आणि सहज विचारलं, "मग मी कुठं येऊ?"

भोंगा झाला. बाई ताडकन उठून बसल्या. प्रश्नाचा अर्थ कुणी काढून द्यायची गरज नव्हती. रान गेलं तर योगिनी जाणार. एवढा एक दृष्टान्त त्यांच्यासाठी होता आणि तो अगदी स्वच्छ होता.

तरी माणसाचं मन मोठं वस्ताद असतं. दोन दिवसांत त्याने बाईंना शेंडी लावली. रान बाहेरचं, स्वप्न आतलं. बाहेरचं झाड तोडलं म्हणून आतलं कसं पडेल? आणि पोर काय, आईला शोधत कुठेही येईल. शिवाय स्वप्नातली योगिनी फक्त त्यांची होती, त्यांच्याबरोबर संपणार होती. दगडावरचं नाव राहिलं असतं. दोन्ही मिळेल, असं बाईंनी धरलं. सगळेच तसं धरतात.

तालीम शेखरने घेतली, घराच्या वरच्या मजल्यावर, एसी लावून. सोजरबाईंनाही बोलावलं होतं. दोघी सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसल्या.

"मोठी आई, तू देवाचं रूप सांगायचं. घोडा, पागोटं, रंग वगैरे. आक्का, तुम्ही देव काय बोलला ते सांगायचं. अगदी सेम टू सेम नको, थोडा फरक ठेवू. नाहीतर लोकांना ठरवून केल्यासारखं वाटतं."

सोजरबाईंना हसू आवरेना. शेखर फोन घ्यायला बाहेर गेला तशा त्या बाईंच्या कानाशी लागल्या. "जयमाला, खरं सांगू का? मला जन्मात सपान म्हणून पडलं न्हाई बघ. टेकले की मेले. सकाळी उठले की जित्ती. सपान दिसतं कसं गं? टीव्हीवानी दिसतं का?"

"न्हाई आक्का," बाई म्हणाल्या. "आपुन आत असतो."

सोजरबाईंना बहुधा हेवा वाटला असावा.

प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा होती. झेंडावंदन झालं, शाळेच्या पोरींनी समूहगीत म्हटलं, जिलेबी वाटली. मग ग्रामसेवकाने विषय वाचला आणि अर्जुनरावांनी माइक वहिनींच्या हातात दिला. बाईंना वाटलं होतं जीभ अडखळेल, घशाला कोरड पडेल. तसलं काही झालं नाही. खरी स्वप्नं सांगताना त्यांना नेहमी शब्द शोधावे लागत, मधलंच काही हरवलेलं असे, चेहरे धूसर असत. हे स्वप्न घडाघडा बोललं. भैरोबाचं पागोटं केशरी होतं, घोडा पांढरा होता, घोड्याच्या पायात चांदीचे तोडे होते. देव म्हणाला, मला पक्कं घर द्या, रान मी वाडीच्या पोराबाळांच्या पोटासाठी सोडलं. सोजरबाईंनी पुढचं सांगितलं. मागे बसलेली एक म्हातारी पदराने डोळे पुसू लागली, कुणीतरी चांगभलं केलं, आणि सगळी सभा हात वर करून उभी राहिली. बाईंना ते सगळं लांबून, पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसत होतं. आपल्याला हे इतकं सोपं गेलं याची त्यांना फार भीती वाटली.

संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स लागला. ‘वहिनीसाहेबांना झालेला दृष्टान्त’. वर देव, मधे जयमालाबाई आणि सोजरबाई, आणि खाली शुभेच्छुकांचे गॉगलवाले चेहरे, देवाहून जरा मोठे. फाल्गुन लागायच्या आत रान गेलं. देवाला राग येऊ नये म्हणून पहिली कुऱ्हाड हळदीकुंकू वाहून, नारळ फोडून घातली. साती आसरांचे दगड जेसीबीने उचलले आणि पुढे नव्या देवळाच्या मागे, जनरेटरशेजारी मांडले.

आणि बाईंची दुपार रिकामी झाली.

पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, दगदग झाली असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, जेवण जास्त झालं. मग त्या कमी जेवून पाहू लागल्या, जास्त जेवून पाहू लागल्या, चटईची दिशा बदलली, ताक प्यायल्या, केमिस्टकडून गोळी आणली. झोप यायची. प्रेसचा आवाज पाठीला लागायचा, त्या पायऱ्या उतरायच्या, आणि शेवटच्या पायरीनंतर काहीच नसायचं. नुसता काळोख. त्या हाक मारायच्या आणि स्वतःच्याच हाकेने जाग यायची.

पावसाळ्यानंतर कुटुंब पिंपळे गुरवच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलं. अर्जुनरावांचं राजकारण वाढलं होतं, त्यांना शहराजवळ असायला हवं होतं. अकरावा मजला, खिडकीतून नदी दिसायची, वारा असा की पडदे दिवसभर पोहत असायचे. तिथे प्रेस नव्हता, भोंगा नव्हता, ढगच खोलीत आल्यासारखे वाटत. बाईंनी मनाशी म्हटलं, इथे ती येईल, इथे तिला आवडेल. पण तिला मजला कसा कळणार? त्या दुपारी झोपताना फ्लॅटचं दार नुसतं लोटून ठेवू लागल्या. शेखरच्या लक्षात आलं तेव्हा तो वैतागला.

"मोठी आई, सोसायटीत असं चालत नाही. कुणीही येईल आत."

"येऊ दे की," बाई म्हणाल्या.

स्वप्नं थांबली हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि सांगून उपयोगही नव्हता, कारण मागणी वाढली होती. मंदिराच्या लोकार्पणाला मोठे लोक आले होते, त्यांच्या बायकांनी बाईंची ओटी भरली होती, आणि आता गाड्या करून माणसं यायची. कुणाला तिकीट मिळेल का विचारायचं असे, कुणाला चौकशी टळेल का. अर्जुनराव आधी हळूच सांगून ठेवायचे की पाहुणे कोण आणि त्यांना काय दिसलेलं बरं. बाई सांगायच्या. पिवळं ऊन, भरलेला कलश, उघडं दार. त्यांच्या तोंडून स्वप्नं आता पाणी वाहावं तशी वाहत होती. एका साहेबाला त्यांनी इतकं सुंदर स्वप्न सांगितलं की तो रडला, आणि पुढच्याच महिन्यात त्याने अख्खी टेकडी मोजणीतून गायब केली.

मग त्या हॉलवर जाऊ लागल्या. बसने वाडीत उतरायचं, चालत जायचं. दारावर स्टीलच्या मोठ्या अक्षरांत ‘कै. कु. योगिनी सांस्कृतिक भवन’. पहिल्यांदा त्या अक्षरांवरून हात फिरवताना त्यांना रडू आलं होतं. आता अक्षरं नुसती गार लागायची. लोक नाव घेत होते, हे खरं. "योगिनीला पार्किंग नाही." "योगिनीचं भाडं वाढलं." "योगिनी डिसेंबरपर्यंत फुल्ल आहे." एका दुपारी आत रस्ता सुरक्षा सप्ताहाचा समारंभ चालला होता. ट्रेलरवाल्यांच्या संघटनेने ठेवला होता, आणि बबनराव हेल्मेटवर बोलत होते.

समारंभ नसला की वॉचमन त्यांना आत सोडायचा. स्टेजवर, जाड लाल पडद्यामागे, कार्पेटवर त्या आडव्या व्हायच्या. इथेच कुठेतरी ती करंजाची मुळी होती. कार्पेटखाली फरशी होती, फरशीखाली काँक्रीट, त्याखाली माती असेलच. त्या मातीला पाठ लावून पडल्यासारख्या त्या डोळे मिटायच्या. एसी बंद असला की आत दमट, हिरवट काळोख व्हायचा आणि क्षणभर पानं हलल्यासारखी वाटायची. तो पडदा असायचा.

अशाच एका दुपारी पावलं वाजली. सोजरबाई पडदा बाजूला करून आल्या आणि गुडघ्यावर हात देत खाली बसल्या. बऱ्याच वाकल्या होत्या.

"वॉचमन म्हनला, हितं असतीस. झोपली व्हतीस?"

"न्हाई आक्का. नुसती पडले व्हते."

सोजरबाई थोडा वेळ कार्पेटची सुतं उपटत राहिल्या. मग म्हणाल्या, "जयमाला, मला सपान पडलं."

बाईंना सवयीने हसू आलं. "कुणासाठी?"

"कुणासाठी न्हाई. मलाच पडलं. देवाशप्पथ. आपुन आत असतो म्हनलीवतीस न्हवं? तसंच." त्यांनी बाईंच्या हातावर हात ठेवला. "तुझी योगिनी आलीवती."

हॉलमध्ये कुठेतरी पाण्याचा थेंब पडत होता. बाईंना तो ऐकू येत राहिला. एक क्षण त्यांच्या आत काहीतरी वर उसळलं, आणि लगेच त्याच्या मागून दुसरं काहीतरी आलं, थंड आणि ओळखीचं. अर्जुनराव आणि बबनराव यांचं तिकिटावरून फाटलं होतं. बबनरावांना आता वहिनीसाहेब आपल्या बाजूने हव्या होत्या. आणि योगिनीच्या नावावर बाईंकडून काय काय करून घेता येतं, हे सगळ्या वाडीने पाहिलं होतं. त्याच हॉलमध्ये तर दोघी बसल्या होत्या.

"बबनरावांनी धाडलं तुमाला," त्या म्हणाल्या.

"न्हाई गं."

"मग कुणी? आमच्या भावजींनी? आक्का, देवाला विकलं, रान विकलं, मी काय बोलले? माझ्या पोरीला तरी सोडा." त्यांचा आवाज रिकाम्या खुर्च्यांवरून फिरून परत आला. "उठा. जावा हितनं."

सोजरबाईंचा चेहरा पडला. त्यांनी वाद घातला नाही. "बरोबर हाय तुझं," त्या म्हणाल्या. "आपल्या दोघींवर कोन इस्वास ठेवील? म्याबी ठेवला नसता." त्यांनी पदर सावरला, स्टेजच्या कडेला धरून एकेक पाय खाली टाकला, आणि खुर्च्यांच्या रांगांमधून हळूहळू दाराकडे चालू लागल्या.

बाई बघत राहिल्या. म्हातारी खरं बोलत होती की खोटं? चेहऱ्यावरून कळत नव्हतं. सभेत माइक हातात धरला तेव्हा आपलाही चेहरा असाच होता, हे त्यांना ठाऊक होतं. अख्ख्या तालुक्याला स्वप्नं वाटणाऱ्या बाईला एक स्वप्न ओळखता येत नव्हतं, आणि ते ओळखायचा कुठलाही मार्ग त्यांनीच शिल्लक ठेवला नव्हता. दार उघडलं. बाहेरचं पांढरं ऊन आत आलं आणि त्यात सोजरबाईंची आकृती पातळ होऊ लागली.

"आक्का!"

सोजरबाई थांबल्या.

"कशी दिसत व्हती?"

सोजरबाई परत आल्या, पुन्हा गुडघ्यावर हात देत कशाबशा स्टेजवर चढल्या आणि बाईंच्या समोर बसल्या. "दमल्यावानी दिसत व्हती," त्या म्हणाल्या. "रस्त्याच्या कडंनं चालत व्हती. ट्रक जात व्हते. मला म्हनली, आजी, माझी आई... माझी आई कुठं..." त्या अडखळल्या. कपाळाला आठ्या घालून त्यांनी आठवून पाहिलं. आठवत होत्या की जुळवत होत्या, देव जाणे. "म्होरचं काय की गं... निसटलं बघ."

जयमालाबाईंनी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले.

"आठवत न्हाई तितं तुमच्या मनाचं घाला, आक्का," त्या म्हणाल्या. "पर थांबू नका."

सोजरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढचं सांगायला सुरुवात केली.